‘मुद्रणाचा शोध’ या चित्रप्रतीवरील अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या ‘मुद्रणाचा शोध’ या चित्रप्रतीला आपण दोन तारे दिले आणि त्यामागची कारणे सविस्तर लिहिली, म्हणून उत्तरही तितक्याच तपशिलाने देत आहोत. आपले आक्षेप थोडक्यात असे: नावात ‘शोध’ असून युरोपातल्या छपाईचा जनक मानला जाणारा गुटेनबर्ग चित्रात कुठेच नाही, छापयंत्र लोखंडी हवे होते, ते लाकडी दाखवले आहे, चित्र रंगीत नाही आणि आकाराने लहान आहे, शिवाय चित्राभोवती कागद चौकोनी दबला आहे, हा छपाईतला दोष आहे. एवढ्या पैशांत चार-पाच रंगीत पोस्टरे आली असती, असेही आपण म्हणता.

गुटेनबर्गचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. हे चित्र ब्रुगे येथे जन्मलेल्या आणि पुढे फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेल्या यान व्हान डेर स्ट्राट, म्हणजेच स्ट्राडानुस, या चित्रकाराने रेखाटले, आणि अँटवर्पचे प्रकाशक फिलिप्स गॅले यांनी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरवून १५९० च्या सुमारास ‘नोव्हा रेपेर्टा’ या मालिकेत प्रसिद्ध केले. जुन्या जगाला ठाऊक नसलेल्या नव्या गोष्टींची ही मालिका आहे, आणि तीत बहुतेक ठिकाणी संशोधकापेक्षा त्या गोष्टीचा चालता धंदा दिसतो: चष्म्यांची विक्री, साखरेचा कारखाना, घड्याळे बनवणारे कारागीर. अमेरिकेच्या चित्रात दर्यावर्दी व्हेस्पुची आहे आणि तैलरंगाच्या चित्राखाली चित्रकार व्हान आयकचे नाव आहे, हे खरे. मुद्रणाच्या चित्रात मात्र कोणाही एका माणसाला मान दिलेला नाही. त्या काळात हा मान कोणाचा, यावरच वाद होता. जर्मनीतल्या माइन्ट्सच्या गुटेनबर्गने बेचाळीस ओळींचे बायबल १४५५ च्या सुमारास छापून पुरे केले, तरी नेदरलँड्समधले हार्लेम शहर हे श्रेय आपल्या लॉरेन्स कोस्टरला देत होते, आणि तो दावा मांडणारा हाड्रियानुस युनियुस यांचा ‘बाटाव्हिया’ हा ग्रंथ १५८८ मध्ये, म्हणजे या चित्राच्या थोडाच आधी, प्रसिद्ध झाला होता. गॅले स्वतः मूळचे हार्लेमचे. कोस्टरच्या दाव्याला आज अभ्यासक मान देत नाहीत, पण १५९० चे चित्र १५९० च्या नजरेनेच पाहावे लागते. ‘मुद्रणाचा शोध’ हे नाव या चित्राला जगभर रूढ आहे आणि आम्ही तेच ठेवणार आहोत.

गुटेनबर्ग नसला तरी चित्रात बघण्यासारखे भरपूर आहे. डावीकडे खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, खणांच्या पेट्यांसमोर बसलेले कंपॉझिटर समोर टाचलेली हस्तलिखित पाने वाचत खिळे जुळवत आहेत. उजवीकडे एक जण यंत्राचा दांडा ओढतो आहे, तर दुसरा दोन हातांत दोन गोळे धरून फर्म्याला, म्हणजे जुळवून आवळलेल्या खिळ्यांना, शाई लावतो आहे. वर दोऱ्यांवर ओले छापील कागद वाळत घातले आहेत आणि पुढे एक पोरगा कागद नीट रचतो आहे. एक वयस्कर गृहस्थ चष्मा लावून मुद्रित तपासत आहेत, आणि त्या चष्म्यालाही याच मालिकेत स्वतंत्र चित्र मिळाले आहे. खिळ्यांच्या छापखान्यात ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना यातले प्रत्येक काम ओळखू येईल.

यंत्र लाकडी आहे, कारण तेव्हा ते लाकडीच असे. लॉर्ड स्टॅनहोप यांचे लोखंडी छापयंत्र १८०० च्या सुमारास आले. अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटुस संग्रहालयात १६०० च्या आसपासची दोन लाकडी यंत्रे आजही उभी आहेत. त्यांची छायाचित्रे या चित्राशेजारी ठेवून पाहिल्यास चित्रकाराने कल्पनेचे घोडे दौडवलेले नाहीत, हे दिसून येईल. १५५६ मध्ये गोव्यात उतरलेला छापखाना आणि १६१६ मध्ये राचोल येथे थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापणारा छापखाना, दोन्ही या लोखंडी यंत्राच्या कितीतरी आधीचे आहेत.

आता कागदावरच्या दाबाविषयी. ज्याला आपण दोष म्हणता, तीच आमच्या प्रतीची ओळख आहे. खिळ्यांच्या छपाईत उठावाच्या भागाला शाई लागते. तांब्याच्या पत्र्यावर याच्या उलट, कोरलेल्या रेघांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसून घेतात, ओलसर कागद पत्र्यावर ठेवतात आणि दोन्ही मिळून लाटांमधून, म्हणजे फिरत्या रुळांमधून, मोठ्या दाबाने काढतात. कागद त्या रेघांत शिरून शाई उचलतो, आणि पत्र्याच्या कडांशी तो कायमचा दबतो. गंमत अशी की, पुस्तके छापणाऱ्या यंत्राचे हे चित्र त्या यंत्रावर छापताच आले नसते. त्यासाठी लागणारे लाटांचे यंत्र ‘नोव्हा रेपेर्टा’तच ताम्रकोरणीच्या चित्रात दाखवले आहे. आमची प्रत ही जुनी मूळ प्रत नाही, हे विक्रीच्या पानावर आम्ही ठळकपणे लिहिले आहे. मूळ चित्रावरून नवा ताम्रपट तयार करून कापसाच्या हातकागदावर ती छापली जाते. तिरप्या उजेडात प्रत धरल्यास दाट छायेच्या ठिकाणी शाई कागदाहून किंचित वर उठलेली दिसेल. पोस्टरवर ती दिसणार नाही, आणि किमतीतला फरक प्रत्येक वेळी हाताने शाई भरून पुसण्याच्या या कामाचा आहे.

आकार मूळ चित्राइतकाच, म्हणजे सुमारे २० बाय २७ सेंटीमीटर ठेवला आहे, कारण मोठे केल्यास रेघा जाड होऊन मधली जागा रिकामी दिसू लागते. मूळ चित्रही काळ्या शाईतच छापले गेले. जुन्या प्रती कधी कधी नंतर हाताने रंगवलेल्या आढळतात, परंतु अशा दाट रेघांवर रंग चढवणे आम्हाला पसंत नाही. ही आमची आवड आहे. आपली वेगळी असू शकते.

प्रत फ्रेम केलेली नसल्यास आपण ती परत करू शकता, पूर्ण रक्कम मिळेल आणि पाठवणीचा खर्चही आम्ही देऊ. ठेवायची झाल्यास, फ्रेम नीट बसावी म्हणून दाबाच्या रेघेपर्यंत कागद कापण्याचा विचार आपण अभिप्रायात लिहिला आहे, तो कृपया सोडून द्यावा. फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, वापरायला सांगावे, त्याची खिडकी दाबाच्या रेघेच्या बाहेर बोटभर सोडून कापून घ्यावी, आणि प्रत चिकटपट्टीने न डकवता वरच्या कडेला कागदी बिजागरीने टांगावी. माउंट आमच्याकडून हवे असल्यास ऑर्डर क्रमांकासह कळवावे. त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.

आपला,
दुकानमालक