अंधेरी–घाटकोपर बसची कसोटी
मेट्रो आल्यावर मुंबईतील अंधेरी–घाटकोपर बसमार्गाला अर्थ उरला नाही, असा निष्कर्ष एका लेखात वाचला; तो घाईचा वाटतो. मुंबईची लोकल मुख्यतः दक्षिणोत्तर धावत असल्याने पश्चिम आणि मध्य रेल्वेवरील उपनगरांना आडवे जोडण्याचे काम दीर्घकाळ बसनेच केले. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या ११.४ किलोमीटरच्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोने टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्यांचा वेळ वाचवला, हे निर्विवाद आहे. परंतु या बसने जाताना दिसते की साकीनाका किंवा असल्फा या मधल्या ठिकाणी चढणारे बरेच प्रवासी दोन-चार थांब्यांतच उतरतात, आणि हातात पिशव्या घेतलेल्या वृद्धेला एवढ्याशा अंतरासाठी उंच फलाट गाठून, तपासणीच्या रांगेतून जाणे परवडत नाही. मे २०२५मध्ये मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टच्या साध्या, म्हणजे बिगर-वातानुकूलित, बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये, म्हणजे मेट्रोच्या किमान भाड्याइतकेच झाले, त्यामुळे स्वस्ताईचा मुद्दा लंगडा पडला आहे, हे मात्र मान्य. माझ्या मते मूल्यमापन थांब्यावरील प्रतीक्षेवरून व्हावे. साकीनाक्याच्या कोंडीत दोन बस एकामागोमाग अडकल्या की त्यांच्यातील ठरलेले वेळेचे अंतर कागदावरच राहते, आणि बससाठी स्वतंत्र मार्गिकेविना ते सांभाळणे कोणत्याही चालकाच्या हाती नाही.