चष्मा घरी राहिला म्हणे

आज सकाळपासून डोकं भणभणतंय नुसतं. बाबांचा डिस्चार्ज होता. सकाळी डॉक्टर म्हणाले घरी न्या, आणि संध्याकाळपर्यंत मी इन्शुरन्स डेस्कसमोरच्या खुर्चीत. ते असो, ते सगळ्यांनीच भोगलंय.

माझ्या शेजारी एक मावशी होत्या, नवरा आत अ‍ॅडमिट. काउंटरवरच्या पोराने चार पानं पुढे सरकवली, "वाचून सही करा." मावशींनी पानं घेतली, जरा वेळ बघितल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला." तर हा मान वर न करता म्हणतो, "मग कोणीतरी शिकलेलं माणूस घेऊन या ना!" मोठ्याने, सगळ्यांसमोर. चष्म्याचं काय ते त्याला कळलं होतं, अख्ख्या रांगेला कळलं होतं. मावशी पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. पिशवीत काही नव्हतं.

मग मी वाचून दाखवलं. पहिल्या तीन पानांवर मावशींकडून हमी, की क्लेम मंजूर नाही झाला तर सगळं बिल मी भरीन. आणि चौथ्या पानावर कंपनीचं पत्र, की आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे, वेटिंग पिरियड (म्हणजे जुने आजार विम्यात धरत नाहीत तो सुरुवातीचा काळ) संपलेला नाही, कॅशलेस (म्हणजे कंपनीने थेट हॉस्पिटलचं बिल भरणं) नामंजूर. म्हणजे नकार येऊन पडला होता आणि त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं! सही तेवढी हवी होती. मावशी म्हणतात, "पॉलिसी देणारा तर बोलला होता सगळं चालतं." चालतं ना, हप्ते घेताना सगळंच चालतं.

आता माझं ऐका. बाबांच्या फाईललाही सकाळी क्वेरी आली होती. मी म्हटलं कोणत्या कलमाखाली अडवताय ते लेखी द्या, तिथेच बसून ईमेल टाकला, ऑफिसच्या एचआरला फोन लावला, दोन तासांत मंजूर. बाबांचा आजार काही जास्त लायक नव्हता, मला ते शब्द येत होते एवढंच. आणि दिवसभर तिथे बसले म्हणून माझा पगार कापला जाणार नव्हता. मावशींचा मुलगा रोजंदारीवर, तो आला की दिवस बुडाला, म्हणून ह्या एकट्या.

आणि डॉक्टर लोक ओरडणार, "इतके दिवस काय करत होतात, लवकर का नाही आणलंत?" अहो कसे आणणार? बाहेरच्या तपासण्या, रोजच्या गोळ्या हे बहुतेक पॉलिसीत बसतच नाही, अ‍ॅडमिट झालात तरच पैसे. मग माणूस गोळी एक दिवसाआड घेतो, चक्कर येऊन पडेपर्यंत थांबतो, आणि शेवटी ते दसपट महागात पडतं.

यावर आमच्याकडचे एक काका हमखास म्हणणार की फुकट दिलं की लोक उगाच दवाखान्यात येतात. काका, हे तपासून झालंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत रँड संस्थेने हजारो लोकांना वेगवेगळ्या विमा योजनांत टाकून बघितलं, कोणाला सगळं फुकट, कोणाला खिशातून वाटा भरायचा. वाटा भरणारे कमी आले हे खरंच, पण त्यांनी नको असलेले उपचार जितके टाळले तितकेच गरजेचेही टाळले. आणि जे गरीब होते, ज्यांना बीपी होतं, त्यांचं बीपी फुकटवाल्या योजनेत जास्त आटोक्यात राहिलं. २००८ मध्ये तिकडेच ओरेगॉन राज्यात सरकारी विम्याच्या जागा कमी म्हणून चक्क सोडत काढली, ज्यांचा नंबर लागला त्यांच्यावरचा दवाखान्याच्या बिलांचा बोजा कमी झाला, नैराश्यसुद्धा कमी झालं. सोडत! औषधपाण्यासाठी! आणि ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात. पन्नास वर्षं होऊन गेली.

'लोकांमध्ये जागरूकता नाही' हे वाक्य तर मला आता ऐकवत नाही. मी पदवीधर आहे, मला स्वतःची पॉलिसी तीनदा वाचून कळली नाही. ती कळू नये अशीच लिहिलेली असते आणि दोष काय, तर मावशी शिकल्या नाहीत. त्यांना नवऱ्याच्या सगळ्या गोळ्या रंगावरून पाठ आहेत, कुठली कधी द्यायची ते तोंडपाठ सांगत होत्या मला. अजून काय जागरूक व्हायचं माणसाने?

मी त्यांना सही करू दिली नाही. फेरविचाराचा अर्ज लिहून दिला, तर काउंटरवाला म्हणतो आजची वेळ संपली, उद्या या, आणि येताना मुलाला आणा. म्हणजे पोराचा अजून एक दिवस बुडवा. मी म्हटलं मुलगा येणार नाही, मी येते. रजा टाकलीये. सकाळी काउंटर उघडायच्या आधी जाऊन उभी राहणार आहे आणि नकाराचं एकेक वाक्य त्याच पोराकडून मावशींना वाचून, समजावून घेणार आहे. मोठ्याने.