दख्खनच्या कातळावर खुशाल झोपा

भूकंप हा जपानी माणसांचा आणि हिमालयात राहणाऱ्यांचा प्रश्न आहे, हे एकदा पक्के ठरवून टाका. आपण बसलोय काळ्या कातळावर. असला पाया आणखी कुणाला मिळालाय? लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत 1993च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतले, तेव्हा हा कातळ साडेतीनशे मीटरच्या आतच संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला, ही गोष्ट मात्र चारचौघांत काढू नका. भारताचा भूपट्ट उत्तरेला हिमालयाला रेटत असतो आणि त्या रेट्याचा ताण इकडच्या जुन्या खडकातही साठतो, हेही नको. लोकांची उगाच झोप उडते.

सरकारी नकाशावर श्रद्धा ठेवा. 1993 साली किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन एकमध्ये होती. हजारो माणसे गेली, मग 2002 साली नकाशातून झोन एकच काढून टाकला. लातूर त्या नकाशात तीनमध्ये गेले. मुंबई-पुणेही तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोका. आपल्याकडे मध्यम म्हणजे नाहीच, असे धरायची पद्धत आहे.

छोटे धक्के बसत असतील तर पेढे वाटा. कुकरची शिट्टी झाली की वाफ जाते, तसे जमिनीचेही होते म्हणे. हिशेब करायला बसू नका. रिश्टरचा एक आकडा वाढला की ऊर्जा साधारण बत्तीस पट होते, म्हणजे सहाच्या एका भूकंपाइतकी वाफ काढायला चारचे हजार धक्के लागतील. किल्लारीत 1992च्या ऑक्टोबरपासून जमीन हलत होती. लोक घाबरले, ओरडले, पुढे धक्के कमी झाले तसे निवांतही झाले. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून दमलेली गावे झोपेत असताना, ते घडले. आता प्रत्येक बारक्या धक्क्यामागे मोठा येतोच असेही नाही. डहाणू-तलासरीकडे 2018च्या नोव्हेंबरपासून किती धक्के बसले! पण 'सांगता येत नाही' हे उत्तर फॉरवर्ड होत नाही, म्हणून ते खरे असले तरी बिनकामाचे.

त्यापेक्षा 'नासाने सांगितलंय, आज रात्री येणार' हा मेसेज पुढे ढकला. तारीख, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचे भाकीत जगात कुणालाच जमलेले नाही. तुमच्या ग्रुपवरच्या काकांची गोष्ट वेगळी. कुत्र्यांवरही लक्ष ठेवा. कुत्री रोज रात्री रडतात आणि भूकंप रोज होत नाही, पण ज्या रात्री जुळेल तीच तेवढी लक्षात ठेवायची.

आणि सगळे खापर कोयनेवर फोडा. 11 डिसेंबर 1967च्या भूकंपाला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी कारण ठरले, हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. खडकातला ताण आधीचाच होता, पाण्याने फक्त निमित्त दिले, एवढी बारीक गोष्ट सोडून द्या. किल्लारी कोयनेपासून तीनशे किलोमीटरवर आहे, हेही सोडा. धरणाला शिव्या घातल्या की घराकडे बघावे लागत नाही.

घराकडे तर बघूच नका. किल्लारीच्या भिंती चांगल्या दोन-अडीच फूट जाड होत्या. आत-बाहेर गोट्यांचे दोन थर, मध्ये माती आणि चिपा, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड मात्र नाही. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. पावसाळ्यात गळले की आणखी मातीचा थर, असे वर्षानुवर्षे. हे सगळे वजन झोपलेल्या माणसांवर आले. शेजारच्या कुडाच्या झोपड्यांना फारसे काही झाले नाही. तुम्ही यातून एवढाच धडा घ्या, की दगडमातीचे घर वाईट आणि आरसीसी एकदम सेफ. 26 जानेवारी 2001ला भुजच्या भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती पडल्या. खाली नुसत्या खांबांवरचे पार्किंग, वर सगळे मजले, अशा त्यांतल्या बऱ्याच होत्या. तुमच्या सोसायटीचे पार्किंग कसे आहे? जाऊ द्या, गाडी सावलीत राहते ना!

साइटवर गेलातच तर कॉलमच्या रिंगांकडे, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांकडे, बघू नका. रिंगेची टोके 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवायची असतात, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. फिटर ती नव्वदलाच सोडतो, कारण बांधायला सोपे जाते. संध्याकाळपर्यंत काँक्रीट पडते आणि विषय संपतो. तुम्ही टाइल्सचा रंग विचारा.

एवढे करूनही धक्का बसलाच, तर टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय घट्ट धरू नका, घरचे हसतील. जिन्याकडे पळा, सगळी सोसायटी तिथेच भेटेल. लिफ्ट मिळाली तर उत्तमच. खाली पोचलात की मोकळ्या मैदानात जायची घाई नको. गच्चीवरच्या टाकीच्या बरोबर खाली उभे राहा, रेंज चांगली येते, आणि आधी ग्रुपवर टाका : 'तुम्हाला जाणवला का?'