‘नेटवर शोधलं, काही निघालं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

सप्टेंबर लागला की १७ तारखेच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छांसोबत एक मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक सख्ख्या चुलतभावाकडून. मतलब असा: पुण्या-साताऱ्याकडं दफ्तरं आहेत, मराठवाड्याला इतिहासच नाही. नेटवर शोधून बघा, काही निघत नाही. होतं ते रझाकारीत जळालं. उरलं ते उर्दूत नाहीतर मोडीत, ते वाचणार कोण? आणि जे थोडंफार ऑनलाइन आलंय ते स्कॅन केलेलं, म्हणजे अस्सल. त्यासाठी लायब्रऱ्या धुंडाळायची गरज नाही.

यातलं दुसरं आणि शेवटचं वाक्य एकमेकांशी भांडतं, ते सोडा. एकेक घेऊ.

‘नेटवर शोधून बघा, काही निघत नाही.’

कुठल्या नावानं शोधलं? मी अंबाजोगाईचा. जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवणाऱ्या आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मी पहिल्यांदा गावाचं नाव टाकलं तेव्हा माझ्याही हाती फारसं काही लागलं नव्हतं. मग मोमिनाबाद टाकलं. निजामी अमलात गावाचं कागदोपत्री नाव तेच. इथं हैदराबाद कॉन्टिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेची छावणी होती, तशीच जालन्याला, औरंगाबादला, हिंगोलीला. त्यामुळं आमच्या गावाचे उल्लेख लष्करी कागदांत आहेत, गॅझेटियरात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात आहेत, जनगणनेत आहेत. फक्त आपण ज्या नावानं हाक मारतो त्या नावाला ते ओ देत नाहीत.

बीड इंग्रजी कागदांत ‘भीर’ होऊन बसलंय. जालन्याच्या जुन्या स्पेलिंगात मधेच एक ‘यू’ घुसलेला असतो, तर औरंगाबादच्या स्पेलिंगात दुसऱ्या ‘ए’च्या जागी ‘यू’. धाराशिवला तर तीन दारं वाजवावी लागतात: धाराशिव, उस्मानाबाद, आणि जुन्या काळातला जिल्हा हवा असेल तर नळदुर्ग. आणि नुसतं औरंगाबाद टाकलं की बिहारचं औरंगाबाद येतं, हैदराबाद टाकलं की सिंधचं.

नावानंतर हद्दीचा घोळ. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. तेव्हा १९११ च्या जनगणनेत कुणी ‘लातूर जिल्हा’ शोधत बसलं आणि पदरी काही पडलं नाही, तर त्यात जनगणनेचा काय दोष? उदगीरच्या माणसानं बिदर उघडायला हवं. हे कुठलीही वेबसाइट आपण होऊन सांगत नाही.

मराठीतून शोधायचं तर आणखी एक गंमत. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधीच्या छापील मराठीत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘केलें’ असे अनुस्वार जागोजाग आणि हैदराबाद बऱ्याचदा ‘हैद्राबाद’. आपण आजचं लेखन टाकतो आणि यंत्र इमानदारीत सांगतं, सापडलं नाही. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या ‘मराठवाडा’ पत्राचं तर विचारू नका. निजाम सरकारनं बंदी घातली की ते नाव बदलून निघायचं, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. सूचीत ‘मराठवाडा’ एवढंच शोधणाऱ्याला मधले अंक दिसायचेच नाहीत. निजामाच्या सेन्सॉरला चकवायला केलेली युक्ती आज आपल्यालाच चकवते, याचं मला दर वेळी हसू येतं.

शिवाय हस्तलिखित फाइल आतून शोधली जात नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या वेबसाइटवर हैदराबाद रेसिडेन्सीचे, म्हणजे निजामाकडच्या इंग्रज वकिलाच्या कचेरीचे कागद आहेत, पण तिथं शोध लागतो तो फाइलीच्या विषयाच्या ओळीत. कारकुनाला ज्या ओळीत फाइल बसवावीशी वाटली ती ओळ. त्यात आपल्या गावाचं नाव असेलच असं नाही. छावणी, अफू, दुष्काळ, जहागीर असे शब्द टाकून बघावे लागतात.

‘होतं ते जळालं.’

नुकसान झालंच नाही असं कोण म्हणतंय? पण सगळंच जळालं असतं तर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी कशातून शोधल्या? तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली खासरा पत्रकं, पहाणी, जुनी महसुली दफ्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना आणि उर्दू जाणणाऱ्यांना अचानक भाव आला, स्कॅन केलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढल्या. आरक्षणावर कुणाचं मत काहीही असो, कागद होते एवढं तरी त्यातून दिसलं. शहाजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे फारसी कागद आज हैदराबादच्या तारनाक्याला राज्य अभिलेखागारात आहेत. एकेकाळी ते औरंगाबादेतच होते. कागद गावातून हलला म्हणजे तो जळाला असं नव्हे.

‘उर्दू-मोडी वाचणार कोण?’

हा मुद्दा अर्धा खरा आहे. निजामी शाळेत उर्दूतून शिकलेली पिढी आता नव्वदीच्या घरात. पण मोडीचे वर्ग चालतात, पुराभिलेख विभागही घेतो. आणि सुरुवातीलाच उर्दू-मोडी लागते कुठं? १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटियर इंग्रजीत आहे. राज्य सरकारची जिल्हा गॅझेटियरं, परभणी १९६७, बीड १९६९, नांदेड १९७१, उस्मानाबाद १९७२, औरंगाबाद १९७७, हीही इंग्रजीत आणि घरबसल्या वाचता येतात. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या किती जणांनी त्यातलं एक तरी उघडलंय?

‘स्कॅन आहे म्हणजे अस्सल, लायब्ररीची गरज नाही.’

इथं मला घरचंच सांगावं लागेल. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत निजामी स्टॅम्प पेपरवरचं शेताचं खरेदीखत आहे, उर्दूत. चुलतभावानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: ‘आपली जमीन १९२४ ची!’ कागदावर साल १३४३. त्यानं नेटवरच्या कॅलेंडरात हिजरी १३४३ टाकलं, १९२४ आलं. अभिनंदनाचे अंगठे पडले. पण १९२४ साली आजोबा दहा वर्षांचे होते. दहा वर्षांचं पोरगं शेत खरेदी करतंय होय?

फोटो घेऊन मी आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेच्या निवृत्त मास्तरांकडं गेलो. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, “फे किधर है? कापला काय रे कुणी?” घरी येऊन पेटी उघडली. आकड्याच्या डाव्या अंगाला, कागदाच्या अगदी काठावर, टाचणीच्या गंजाखाली बारीकसं ‘फे’ अक्षर होतं. फे म्हणजे फसली, निजामी सरकारचं महसुली साल. हिजरी असतं तर तिथं ‘हे’ असतं. फोटो काढताना नेमका तेवढा काठ कापला गेला होता.

हैदराबाद संस्थानच्या फसलीत ५९० मिळवायचे. साल बदलायचं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, १ आजूरला. म्हणजे १३४३ फसली ऑक्टोबर १९३३ ला सुरू झालं. वर महिना बहमन लिहिलाय, तिसरा महिना. डिसेंबर १९३३ च्या आसपासचं खत. आजोबा एकोणीस वर्षांचे. महिन्याच्या नावावरूनही हे कळलं असतं: आजूर, दय, बहमन दिसलं की फसली, मोहरम, सफर, रज्जब दिसलं की हिजरी. त्यातून उत्तरेकडच्या फसलीत ५९२-९३ मिळवतात, त्यामुळं नेटवर कुणाचं कोष्टक उघडलं यावरही तारीख दोन-तीन वर्षं इकडची तिकडं होते.

चूक स्कॅन करणाऱ्या यंत्राकडूनही होते. जुन्या पुस्तकातले घडीचे नकाशे कितीदा घडी न उलगडताच स्कॅन केलेले असतात. पडद्यावर नकाशाचा एक चतकोर दिसतो आणि बाकीचा देश घडीत. अशा वेळी मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे हे माहीत असावं लागतं. संभाजीनगरच्या स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्थेत किंवा मराठवाडा साहित्य परिषदेत तिच्या ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकाचे जुने अंक चाळताना हव्या त्या लेखाच्या शेजारचा लेख जास्त कामाचा निघाला, असं माझं तरी अनेकदा झालंय.

नेटवर मी रोज बसतो. मोमिनाबाद मला तिथंच सापडलं. पण खरेदीखताच्या पाठीमागं गोल शिक्क्याखाली दस्ताचा नंबर आहे, आणि त्या नंबराचं रजिस्टर अजून कुणी स्कॅन केलेलं मला दिसलं नाही. सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात अर्ज द्यायचाय. चुलतभावालाही सोबत ये म्हटलंय.