मार्कांचं काय मग?

सेतू केंद्रात आज माझं काम पाच मिनिटांचं होतं. दीड तास थांबलो. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, तरी ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांची पोरं अकरावी-बारावीत आहेत त्यांनी वाचा. बाकीचे पुढे सरकलात तरी राग नाही.

माझ्या पुढे एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, हातात औषधाच्या दुकानातली असते तशी पांढरी पिशवी. सोबत मुलगी. पोरीने सीईटीला त्र्याण्णव पर्सेंटाईल काढलेत. हे तिने नाही, त्यांनी सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांना, कुणी न विचारता. बापाला तेवढा हक्क आहे. पिशवीतून एकेक कागद काढून ते काउंटरवर पत्ते मांडावेत तसे मांडत होते. आतल्या पोराने नॉन-क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत आहे म्हणून आरक्षण मिळेल, असं सांगणारा दाखला) उचललं, खालची ओळ वाचली आणि मान वर न करता म्हणाला, "काका, हे संपलंय."

"संपलंय म्हणजे?"

"एकतीस मार्चला संपलं. यंदाच्या ॲडमिशनला पुढच्या ३१ मार्चपर्यंतचं लागतं. नवीन काढा."

गृहस्थ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मार्कांचं काय मग?"

कुणीच काही बोललं नाही. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. पंखा तेवढा कुरकुरत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना कळायला नको का, दाखल्यावर तारीख छापलेली असते. असते. खाली, बारीक अक्षरात. पण मला सांगा, हा कागद मुदतीच्या वर्षी ३१ मार्चला मरतो आणि आपला प्रवेश जून-जुलैत होतो, हे त्या माणसाला सांगायचं कुणी? दोन वर्षं ज्या कॉलेजात त्याने पोरीला घातलं, फी भरली, त्या कॉलेजातल्या एकाही माणसाला वाटलं नाही का?

माझं डोकं तिथे फिरलं. कारण हे मी वीस वर्षांपूर्वी पाहिलंय, आमच्याच घरात.

२००५. माझा धाकटा भाऊ बारावी झाला. मार्क चांगले, इंजिनिअरिंगला ओबीसीतून जागा मिळेल असे. जातीचा दाखला होता. बाबांना वाटलं, झालं काम. व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, नावाची आणखी एक भानगड असते हे आम्हाला फॉर्म भरताना कळलं. कायदा २००१ पासून लागू होता, चार वर्षं झाली होती, पण गावात तो कुणाच्या बापाला माहीत होता? (अक्षरशः. आमच्या बापाला नव्हता.) ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. म्हणजे आजोबा-पणजोबा, त्यांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी. बाबा त्यांच्या जुन्या शाळेत गेले, मी सोबत होतो. गुरुजींनी लाकडी कपाटातून रजिस्टर काढलं, फुंकर मारली, जिभेवर बोट लावून पानं उलटली. सापडलं. बाबांचं नाव होतं, आजोबांचं नाव होतं, जन्मतारीख होती, प्रवेशाचं साल १९६१ होतं. जातीच्या रकान्यात वाळवीने केलेलं भोक होतं. बरोब्बर तेवढ्याच रकान्यात. अख्ख्या पानावर दुसरीकडे कुठे एक टोचा नाही.

बाबा हसले. मला अजून आठवतं, आधी हसले. मग परत येताना एसटीत एक शब्द बोलले नाहीत.

असो. ते पुढे येतंच.

मुद्दा काय, तर दहावी झाली की आपण पोराला क्लासला विकतो. हो, विकतो हाच शब्द. इंटिग्रेटेड म्हणे. कॉलेज नावाला, हजेरी कागदावर, पोरगं सकाळी सात ते रात्री आठ क्लासमध्ये. क्लासवाला म्हणतो कागदपत्रं कॉलेजचं काम. कॉलेज म्हणतं, तुमचा मुलगा आम्ही पाहिलाय कुठे? आणि आपण लाख-दीड लाख भरून निवांत, की सगळं कोणीतरी बघतंय. बघत कोणी नसतं.

जानेवारीत आमच्या इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीचा निरोप समारंभ झाला. मला बोलावलं होतं, गेलो. स्टेजवर फुगे. मागे क्लासच्या जाहिरातीचा बॅनर कॉलेजच्या नावापेक्षा मोठा. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने पाऊण तास सांगितलं की स्वप्नं मोठी बघा. पोरींनी रडून घेतलं, फोटो काढले. त्या पाऊण तासातली दहा मिनिटं काढून कुणी फळ्यावर लिहिलं असतं, की बाळांनो, मार्च संपला की दाखला संपतो, तर आज ते गृहस्थ काउंटरवर तसे उभे राहिले नसते. मीही तिथे होतो. मीही नाही बोललो. मला हार घातला होता, मी चार गोड शब्द बोलून समोसा खाऊन आलो. लिहिताना आत्ता लाज वाटतेय.

माझं म्हणणं फार नाही. अकरावीचं वर्ष संपताना, परीक्षेनंतर, कॉलेजने एक दुपार द्यावी. एकच. पालकांना बोलवा, मुलांना बसवा आणि सांगा. बारावीच्या शेवटी सांगून उपयोग नाही, तेव्हा बोर्ड असतं, मग सीईटी, मग सगळेच एकदम सेतूवर धावतात आणि सर्व्हर झोपतो. अकरावीनंतरची उन्हाळ्याची सुट्टी हीच खरी वेळ. व्हॅलिडिटीचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलांना कॉलेजात असतानाच करता येतो, प्राचार्यांच्या सहीचं 'पंधरा-ए' नावाचं पत्र लागतं. ते पंधरा-ए देणारा क्लार्क त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत बसलेला असतो. त्याला विचारा, वर्षाला किती पोरं स्वतःहून येतात.

आणि कागद एकच असतो असं नाही. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर वेगळं, जेईई-नीटसाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं. हे माहीत नसल्यामुळे पोरं भलताच कागद अपलोड करून मोकळी होतात. आधारवर एक नाव, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये. माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा एक 'एच' दुरुस्त करायला अख्खा मे महिना गेला.

मुलींचं तर अजून वेगळं. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी निम्मी होती. पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांतून प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर नाही. म्हणजे आजच्या त्या मुलीचा कागद वेळेत झाला नाही आणि घाबरून बापाने कुठेतरी पैसे भरून जागा घेतली, तर जागा विकत आणि माफीही गेली. हे त्या गृहस्थांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या पिशवीवरच 'कॅप' एवढं लिहून घेतलं.

हां, आता बरंच ऑनलाइन झालंय, मान्य. तेव्हासारखं विभागाच्या ठिकाणी जाऊन समितीच्या दारात बसावं लागत नाही, जिल्ह्यात समिती आहे. अर्ज केल्याची पावती दाखवून फॉर्म भरता येतो, मुदतही वाढवून देतात, तेही मान्य. पण मुदत वाढेल या भरवशावर पोराचं वर्ष ठेवायचं म्हणजे पाऊस येणार नाही म्हणून छत्री न घेता निघाल्यासारखंच आहे. आणि वाढलेल्या मुदतीतही कागद नाही आला तर त्या मुलाला खुल्यात टाकतात. तिथली कटऑफची रेष वर असते. संपलं.

तर त्या वाळवीच्या भोकानंतर बाबा दुसऱ्या गावी गेले. आजोबांचा चुलतभाऊ तिथे शिकला होता असं आत्या म्हणाली म्हणून. तिथल्या शाळेत १९३८ ची नोंद मिळाली. अक्षर काय सुंदर, टाकाने काढलेलं, जात अगदी ठळक. बाबांनी गुरुजींच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मग वंशावळ, मग शपथपत्र, मग तालुका, मग समिती, मग त्रुटी, मग परत तालुका. व्हॅलिडिटी आली तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. प्रवेशफेऱ्या कधीच उरकल्या होत्या. भाऊ बीएस्सीला बसला.

तो आज चांगला आहे. बँकेत आहे, माझ्यापेक्षा सुखी आहे, आणि तो स्वतः म्हणतो की दादा, मी इंजिनिअर होऊन काय दिवे लावले असते. बरोबर असेल त्याचं. त्याने बाबांना एका शब्दाने कधी दोष दिला नाही. पण बाबांनी स्वतःला दिला. बाबा गेले त्या वर्षीही कुणाचं पोरगं बारावीला आहे कळलं की विचारायचे, "मार्क बिर्क ठीक, व्हॅलिडिटी काढलीस का?" लग्नाच्या पंगतीत विचारायचे. लोक हसायचे. मीही हसायचो.

पुन्हा राग येतोय, थांबतो जरा.

दुसरी गोष्ट सांगून टाकतो, कारण तीही त्या एका दुपारीत बसते. पसंतीक्रम, म्हणजे कॅपसाठी कोणतं कॉलेज आधी हवं त्याची यादी. हा फॉर्म कोण भरतं? कॅफेवाला. गेल्या वर्षी माझ्या चुलत मेव्हणीच्या मुलीचा फॉर्म त्याने आदल्या दिवशी आलेल्या कुणाची तरी यादी समोर ठेवून भरून दिला, पन्नास रुपये जास्त घेऊन, उपकार केल्यासारखा. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं. घरात पेढे. मग कळलं की ते घरापासून तीन तास लांब आहे आणि हॉस्टेल नाही. आणि पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्या बंद. पोरीला विचारलं, तू बघितलं नाहीस का यादीत काय आहे? म्हणाली, क्लासमध्ये फक्त सांगितलं होतं की पर्सेंटाईल आणा, बाकी होतं.

बाकी होत नाही हो. चार वर्षं कुठे घालवायची हे त्या यादीत ठरतं आणि आपण त्याला अर्धा तास देतो. त्यापेक्षा जास्त वेळ आपण सोफ्याचं कापड निवडायला लावतो.

बोर्डाचंही तेच. सीईटी आली की बोर्ड गेलं खड्ड्यात, असं क्लासवाले उघड सांगतात. अरे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या ठरावीक विषयांत पंचेचाळीस टक्के लागतात, राखीवला चाळीस. आयआयटी-एनआयटीला पंच्याहत्तर टक्क्यांची अट आहे, नाहीतर बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाईलमध्ये बसावं लागतं. आणि अकरावीला 'दहावीत दमलाय, करू दे आराम' म्हणणाऱ्या आयांनो आणि बापांनो, सीईटीत वीस टक्के प्रश्न अकरावीचेच असतात. मी हे ओरडून सांगत नाहीये. थोडं ओरडूनच सांगतोय.

कॉलेजातले माझे काही शिक्षक मित्र ही पोस्ट वाचणार आणि उद्या फोन करणार की तुला काय जातंय बोलायला, आमच्यावर किती कामं आहेत माहीत आहे का. निवडणूक, सर्वेक्षण, पेपर, माहिती भरा, परत भरा. माहीत आहे. खरं आहे. तरी एक दुपार.

आज शेवटी काय झालं ते सांगतो. त्या सेतूवाल्या पोराला मी उगाच मनात शिव्या घातल्या. जेवायची सुट्टी सोडून त्यानेच नवीन अर्ज भरून दिला. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला पिशवीत निघाला हे नशीब. पावती आली. मुलीने मोबाइलवर पावतीचा फोटो काढला, तो हलला म्हणून परत काढला, मग वडिलांच्या मोबाइलवरही काढला. गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुमचं कोण आहे बारावीला?"

आहे. माझी मुलगी. यंदा बारावीत गेली. आणि मी इथे एवढं पाल्हाळ लावलंय ना, तिच्या व्हॅलिडिटीचा अर्ज अजून केलेला नाही. अकरावीची अख्खी सुट्टी गेली. करू, करू म्हणत. क्लासची फी मात्र मी एप्रिलमध्येच भरली, पाच टक्के सवलत होती.

घरी येऊन दहा वाजता भावाला फोन केला. काकाची व्हॅलिडिटी असली की पुतणीचं काम सोपं होतं, म्हटलं तुझं सर्टिफिकेट लागेल, कुरिअर कर. तो म्हणाला, "माझ्याकडे झेरॉक्स आहे दादा. ओरिजिनल बाबांच्या फाईलमध्ये. ती फाईल तुझ्याकडे आहे."

वरच्या कप्प्यात होती, लग्नाच्या अल्बमखाली. बाबांनी आत डांबराच्या गोळ्या ठेवल्यात. वाळवी लागू नये म्हणून.