बैलगाडी, बदक आणि बडीशेप

आमच्या यांना आमच्या लग्नाची तारीख पाठ आहे. मैत्रिणींना याचं फार कौतुक. त्यांना मी पुढची गोष्ट सांगत नाही. त्या दिवशी सकाळी बडोद्याच्या प्रतापनगर वर्कशॉपमधून नॅरोगेजचं एक इंजिन पीओएच होऊन, म्हणजे पार नटबोल्टापर्यंत खोलून पुन्हा जोडून, बाहेर पडलं होतं. हे मुंडावळ्या बांधायच्या आधी सायकलवरून जाऊन ते बघून आले. तारीख पाठ आहे ती त्या इंजिनाची. आमचं लग्न म्हणजे त्याला मागून जोडलेला डबा.

लग्नानंतर फिरायला कुठे, तर चांदोद. तेव्हा डभोईहून चांदोदला छोटी गाडी जायची. डभोईला इंजिन पाणी प्यायला थांबलं, हे "आलोच" म्हणून उतरले आणि थेट चांदोदला इंजिनातूनच खाली आले, तोंडाला कोळसा फासून. तोवर डब्यात मी, माझी नवी पैठणी आणि शेजारच्या मासी. त्या सारख्या विचारत होत्या, "एकली छे, दीकरी?" काय सांगणार? आता ती छोटी लाइन गेली, ब्रॉडगेज झाली, चांदोदवरून गाड्या थेट एकतानगरला जातात. यांनी त्याचंही सुतक पाळलं. दोन दिवस श्रीखंड खाल्लं नाही.

रेल्वे क्वार्टरमध्ये छत्तीस वर्षं काढली मी. पहिल्या भोंग्याला कुकर, दुसऱ्या भोंग्याला डबा, संध्याकाळच्या भोंग्याला चहाचं आधण. हे रिटायर झाले, वाघोडिया रोडला फ्लॅट घेतला, वाटलं सुटले एकदाची. पण अजून रात्री लांबून हॉर्न आला की हे अंधारात उठून बसतात, "जोडइंजिन आहे" असं जाहीर करतात आणि आडवे होऊन घोरायला लागतात. मी जागी.

तर अशा माणसाला घेऊन मी मुलाकडे इंग्लंडात गेले. मुलगा लीड्सला असतो. बडोद्यापासून जवळजवळ सात हजार किलोमीटर. एवढ्या लांब तरी विषय बदलेल, अशी माझी भाबडी समजूत.

सूनबाईंनी एका बुधवारी यॉर्कचा बेत आखला. तिथलं मिन्स्टर नावाचं अवाढव्य चर्च, गावाभोवतीचा जुना कोट (आपल्या लहेरीपुरा दरवाजासारखे दरवाजे आहेत, फक्त इथे भिंतीवरून चालतासुद्धा येतं) आणि शॅम्बल्स नावाची एक गल्ली, जिथे समोरासमोरच्या घरांचे वरचे मजले एकमेकांच्या कानात बोलायला वाकल्यासारखे दिसतात. मी आदल्या रात्री थेपले केले, छुंद्याची बाटली भरली, पर्समध्ये मुखवासाची डबी टाकली. यांनी पिशवीत वही आणि बॅटरी टाकली.

"बॅटरी कशाला?"

"चर्चमध्ये अंधार असतो."

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

यॉर्क स्टेशनातून बाहेर पडलं की एका बाजूला गाव आणि मिन्स्टर, आणि दुसऱ्या बाजूला, चालत काही मिनिटांवर, राष्ट्रीय रेल्वे म्युझियम. हे न विचारता दुसऱ्या बाजूला वळले. "पोराला जरा इंजिनं दाखवू," म्हणाले. पोर म्हणजे आमचा सहा वर्षांचा नातू. तो चॉकलेटच्या दुकानाच्या बोलीवर घराबाहेर पडला होता.

म्युझियमला तिकीट नाही. ऐकायला बरं वाटतं, पण हा मोठा घोटाळा आहे. तिकीट असतं तर तासाभराने "चला, पैसे वसूल झाले" म्हणता येतं. फुकटातून माणसाला बाहेर कसं काढायचं?

आत गेलो तर काय, मोठी थोरली शेड. मध्ये टर्नटेबल आणि तिच्याकडे तोंडं करून चहूबाजूंनी इंजिनं बसलेली. पंगतच म्हणा. हिरवी, काळी, लाल, निळी. आणि इतकी पुसलेली, की माझ्या ओट्याला लाज वाटावी. हे दारातच थांबले. चपला काढतात की काय, अशी मला धास्ती वाटली.

नातवाने वीस मिनिटांत सगळी इंजिनं मोजली, एकावरही चढायला मिळत नाही म्हणून रडला आणि सूनबाई त्याला घेऊन चॉकलेटकडे निघून गेल्या. "आई, तुम्हीही चला." जाववलं नाही. यांना एकटं सोडणं बरं नाही. हरवत नाहीत, पण कुठल्या चाकाखालून आवाज येतोय ते हुडकावं लागतं.

तेव्हा मी म्युझियम माझ्या पद्धतीने बघायला लागले, म्हणजे बाकांवरून. बाहेरच्या देशातल्या प्रेक्षणीय स्थळांचा मी आता एवढाच निकष ठेवलाय. गुडघे माझे आहेत.

पहिलं बाक मॅलार्डसमोर. निळंशार इंजिन, चोच पुढे काढल्यासारखं तोंड. मॅलार्ड म्हणजे रानबदक. ते बनवणारे नायजेल ग्रेसली पक्ष्यांचे शौकीन होते, म्हणून या जातीच्या कितीतरी इंजिनांना त्यांनी पाखरांची नावं दिली. 3 जुलै 1938 रोजी हे बदक ताशी 126 मैल, म्हणजे 203 किलोमीटर वेगाने धावलं. वाफेच्या इंजिनाचा तो जागतिक विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. हे सगळं यांनी बोर्डाकडे पाठ करून मला सांगितलं आणि मी बोर्डावरून पडताळलं. एक आकडा चुकला नाही. याच माणसाला दांडिया बाजारातून चार वस्तू आणायला सांगितल्या की तीन येतात आणि चौथी "संपली होती".

तेवढ्यात तिथले एक स्वयंसेवक आजोबा आले. पांढऱ्या मिशा, कोटाला बिल्ला. यांच्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना ओळख पटली. या पंथातली माणसं एकमेकांना वासावरून ओळखत असावीत. वासावरून आठवलं. आजोबांनी जी गोष्ट सांगितली, ती यांनाही ठाऊक नव्हती, आणि यांचा चेहरा बघून मला फार समाधान वाटलं.

त्या इंजिनाला तीन सिलिंडर. दोन बाहेर, एक आत. बाहेरचा दांडा गरम झाला तर दिसतो, आतला कोण बघणार? म्हणून आतल्या दांड्याच्या मोठ्या बेअरिंगमध्ये एक छोटी कुपी ठेवायचे. बेअरिंग तापलं की कुपी फुटायची आणि वास पसरायचा. ड्रायव्हरने समजायचं, की आता आवरा. वास कशाचा? आजोबा म्हणाले ते मला समजलं नाही. मी फोनवर बघितलं. बडीशेपेच्याच गोतातलं निघालं.

मी बाकावरून उठले. आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाच्या जवळ स्वतःहून गेले.

अहो, हे तर मी रोज करते! आतल्या खोलीत टीव्ही बघताना डाळ लागायला आली की नाकाला कळतं, तेही कुपीशिवाय. विक्रमाच्या दिवशी या बदकाचं ते मधलं बेअरिंग खरंच तापलं आणि त्याला पीटरबरोला थांबावं लागलं. पुढचा प्रवास दुसऱ्या इंजिनाने केला. म्हणजे जगातलं सगळ्यात वेगवान इंजिन विक्रम करून लंगडत घरी गेलं. हे आजोबा ज्या हळव्या आवाजात सांगत होते, त्या आवाजात आमच्याकडे सोयऱ्यांच्या ऑपरेशनची हकिगत सांगतात.

पुढचं बाक राणी व्हिक्टोरियाच्या डब्यासमोर. इथे मात्र मी रमले. आत निळं रेशीम, गाद्यागिर्द्या, छतालासुद्धा अस्तर. राणीचा हुकूम होता, की गाडी दिवसा ताशी 40 मैलांच्या वर न्यायची नाही. दोन डब्यांच्या मध्ये भात्यासारखा पडदा लावून जायची वाट केली होती, पण बाई चालत्या गाडीत त्यातून जायच्या नाहीत, गाडी थांबवून जायच्या. मला ही बाई एकदम आवडली. चांदोदच्या प्रवासात मला एवढा अधिकार असता तर!

याच बाकावर एक आजी विणकाम करत बसल्या होत्या. मी बसले तशा सरकल्या, मिशीवाल्या आजोबांकडे सुईने बोट दाखवलं आणि एक सुस्कारा सोडला. त्यांचेच ते. मी आमच्या यांच्याकडे बोट दाखवलं. मग आम्ही बोटांवर वर्षं मोजली. त्यांची माझ्यापेक्षा दोन जास्त. त्या दर बुधवारी लोकर घेऊन येतात, नवरा घरी एकटा असला की घड्याळं खोलतो म्हणून. इथे दुसऱ्यांचं सामान असतं, त्याला हात लावता येत नाही. हे गणित मला नवीन होतं आणि बरोबर होतं. मी थेपला पुढे केला. त्यांनी थोडा छुंदा चाटून बघितला, डोळे मिटले आणि विणकाम बाजूला ठेवलं.

एवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

तिथे जपानच्या बुलेट ट्रेनचा खराखुरा डबा ठेवलाय, शिंकान्सेनचा. आजोबा सांगत होते, की जगात अशी गाडी पहिल्यांदा 1964 मध्ये जपानने सुरू केली. हे मान हलवत होते. "नो, नो. बरोडा. एटीन सिक्स्टी टू."

आजोबा म्हणाले, शक्य नाही.

"व्हाय नॉट? माय फादर-इन-लॉज व्हिलेज! डभोई!" (माझं माहेर अशा वेळी यांना बरोबर आठवतं.) "बुलक ट्रेन!"

"बुलेट ट्रेन? 1862 ला?"

"येस! हंड्रेड अँड टू इयर्स बिफोर जपान!"

भोवती सात-आठ लोक जमले. एक जपानी कुटुंबही होतं आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आजोबांनी खिशातून वही काढली. मी धावले, म्हणजे माझ्या वेगाने. पण तोवर यांनाच काहीतरी गडबड लक्षात आली. यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांची बोटं कपाळाला लावून शिंगं केली आणि त्या भर सभेत हंबरले.

सभेत स्मशानशांतता पसरली. मग खुलासा झाला. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम अशी वीस मैलांची नॅरोगेज लाइन टाकली. भारतातली पहिली नॅरोगेज. रूळ एवढे हलके, वाराला जेमतेम तेरा पौंड, की ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं इंजिन आलं, पण गाडी ओढायला बैलच बरे पडले. कित्येक वर्षं गायकवाडी रेल्वे बैलांनी ओढली.

आजोबांनी सगळं लिहून घेतलं. मग गंभीरपणे विचारलं, बैलांच्या बेअरिंगचं काय करत होतात?

यांना हसू आवरेना. मला हा माणूस इतका हसलेला शेवटचा कधी दिसला ते आठवेना. बहुतेक मुलगी झाली तेव्हा. किंवा प्रमोशन, खात्री नाही.

आणि खरं सांगते, त्यात फुशारकीचं काही नव्हतं. आता आमच्या बडोद्यातून बुलेट ट्रेनचे खांब चाललेत, मुंबई ते अहमदाबाद. त्यांच्या सावलीतून रिक्षा न्यायची म्हणजे कसरत असते. रोज संध्याकाळी हे खांब मोजायला जातात आणि घरी येऊन म्हणतात, "आधी बैल, मग बुलेट. मधलं सगळं आम्ही केलं." मला वाटायचं, काय हे. तिथे मात्र मीच आजींना सांगितलं, की मधलं सगळं यांनी केलं. त्यांना किती समजलं माहीत नाही. थेपल्याचा दुसरा तुकडा तोंडात होता.

म्युझियम बंद व्हायची घोषणा झाली. मिन्स्टरचं दर्शन फोटोतच. सूनबाई आणि नातू दाराशी उभे, नातवाच्या गालाला चॉकलेट. आमच्या यांचा पत्ता नाही. आजींचेही गायब. आम्ही दोघी बरोबर शोधायला निघालो. एका इंजिनाखाली खड्डा आहे, त्यात उतरून पोटाखालचं यंत्र बघता येतं. तिथून बॅटरीचा उजेड येत होता. आम्ही वाकलो, दोघींचे गुडघे एकाच वेळी वाजले. खाली दोन टकलं एका नटाकडे बघत होती.

"चर्च बघून झालं का?" मी विचारलं.

"अगं, एक मिनिट. हा बोल्ट आपल्यासारखाच आहे."

आजींनी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. उत्तरही बहुधा तेच आलं.

परतीच्या गाडीत यांना खिडकी दिली. नातू सूनबाईंच्या मांडीवर झोपला. हे वहीत आकडे लिहीत होते, मधूनमधून गाडीच्या आवाजाला मान डोलवत होते. यॉर्क सोडून दहा मिनिटं झाली असतील. एकदम यांनी पेन थांबवलं. नाक वर केलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं. मग माझा हात घट्ट धरला.

"वास येतोय तुला?"

येत होता. बडीशेपेचा, स्वच्छ.

"बेअरिंग तापलंय," हे कुजबुजले. चष्मा वर सारला, वही सूनबाईंकडे दिली आणि गार्डाला शोधायला पुढच्या डब्याकडे निघाले. चाल एकदम तिशीतली.

मी पर्स उघडून बघितली. मुखवासाच्या डबीचं झाकण निघालं होतं. रुमाल, पासपोर्ट, गुडघ्याचं मलम, सगळीकडे बडीशेप.

मी पर्सची चेन लावली आणि खिडकीबाहेर मेंढ्या बघत बसले.