‘सैन्य जितकं तगडं, तितकं मूल निरोगी’ : हे मुलांना शिकवू नका

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मुलांना रोगप्रतिकारशक्ती कशी समजवायची, याची तीन वाक्यं त्यात दिली आहेत: शरीरात पांढऱ्या पेशींचं सैन्य असतं, ते जितकं तगडं तितकं मूल निरोगी, ताप आला म्हणजे सैन्य हरतंय, लस टोचली की सैन्य आळशी होतं. शेवटी पुस्ती जोडली आहे, ‘मुलांना याहून जास्त कळत नाही.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त त्रासदायक. पेशी लढतात, पण त्याआधी त्यांना आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखावं लागतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, बालपणी ती जोरात काम करते. आपल्याच शरीरावर उलटू शकतील अशा बऱ्याच टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तिथेच बाद केल्या जातात. काही निसटतात. टाइप वन डायबिटीसमध्ये अशाच पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतात. हा आजार असलेल्या माझ्या वर्गातल्या मुलीने सैन्याची गोष्ट ऐकून विचारलं होतं, “बाई, माझं सैन्य कमी पडलं का?” नाही गं, कमी पडलं नाही, त्याची ओळखण्यात चूक झाली. आणि त्यात तुझा काहीच दोष नाही. हे तिला सांगायला मला तेव्हा फार उशीर झाला होता, याची खंत अजून आहे.

तापाचं उत्तर सोपं आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमानाची पातळी स्वतःच वर नेतो, म्हणून तर ताप चढताना थंडी वाजते. ही हार नव्हे, लढण्याची रीत आहे. तान्ह्या बाळाला ताप आला किंवा मूल मलूल पडलं तर मात्र डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

लशीचा मुद्दा तर साफ उलटा आहे. 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. पीटर पॅनम या तरुण डॉक्टरने पाहिलं, की 1781 च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांना या वेळी तो झालाच नाही. 65 वर्षं शरीराने ती ओळख जपली होती! लस हीच ओळख मुलाला आजारी न पाडता करून देते. उलट गोवरच शरीराची आधीची स्मृती पुसतो: इतर जंतूंविरुद्ध जमवलेल्या अँटिबॉडीही (जंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिनं) त्यात घटतात, हे 2019 मध्ये संशोधकांनी दाखवलं.

राहिलं ‘मुलांना कळत नाही’. गुडघा खरचटलेल्या मुलाला जखमेभोवती हलकेच बोट फिरवायला सांगा. लाली, ऊब, सूज त्याला स्वतःलाच जाणवते. रक्तवाहिन्या रुंदावल्या आहेत, पेशी त्यांतून बाहेर पडताहेत, आणि पू झालाच तर त्यात बऱ्याचशा मेलेल्या पेशीच असतात, हे तो डोळे विस्फारून ऐकतो. मग इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. 1882 मध्ये त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी पाहतो तर काट्यांभोवती पेशींचा गराडा.

ही गोष्ट ऐकून एका मुलाने विचारलं, “काटा कुठे आहे हे पेशींना कळलं कसं?” दुखावलेल्या जागेतून रसायनं पसरतात आणि जिकडे ती दाट, तिकडे पेशी सरकतात, हे उत्तर फळ्यावर काढून दाखवलं. त्याने ते चित्र वहीत उतरवून घेतलं आणि काट्याभोवती ठिपके वाढवत गेला, काट्याजवळ दाट, लांब विरळ.